जुने खटके, नवी तार

जुन्या वस्तूंच्या बाबतींत आमच्या घरांत दोन पक्ष आहेत. एकाचें म्हणणें, ‘टाकून द्या’. दुसऱ्याचें, ‘असूं द्या, कधीं तरी कामास येईल.’ दुसऱ्या पक्षाचे पुढारी बहुधा आम्हीच असतों, आणि अड्याळच्या आमच्या घराच्या माडीवरील लांब खोली हें त्या पक्षाच्या आजवरच्या विजयांचें स्मारक होतें. मोडका पाळणा, कांचा फुटलेले कंदील, तळ गेलेल्या बादल्या, शाळेच्या जुन्या वह्यांचे गठ्ठे अशा सामानानें ती इतकी भरली होती कीं, दार अर्धेंच उघडत असे.

तीन वर्षांपूर्वींच्या दिवाळींत नागपूर-पुण्याकडील सारीं नातवंडें सुटीसाठीं आलीं. दोन दिवसांतच दिसून आलें कीं, सात मुलें सात कोपऱ्यांत सात मोबाइल घेऊन बसलीं आहेत. एकत्र कुटुंब म्हणावें तर छप्पर तेवढें एक! तेव्हां आमच्या धाकट्या बंधूंच्या सूनबाईंनीं जेवणाच्या पंक्तींतच ठराव मांडला कीं, माडीवरची खोली रिकामी करावी आणि तेथें कॅरम, बुद्धिबळ, सोंगट्यांचा पट असें सर्व मांडून मुलांसाठीं खेळाची खोली करावी. ठराव एकमतानें मंजूर झाला. आमचें मत विचारलें गेलें नाहीं, म्हणून तें विरुद्धही गेलें नाहीं.

खोली सजवावी कशी, हा पुढचा प्रश्न. आमचा पुतण्या नागपुरास विजेच्या कामांत आहे. तो म्हणाला, “मोठे काका, भिंतींवर तसबिरी नकोत. जुन्या काळचीं विजेचीं उपकरणें लावूं. आणि नुसतीं टांगून ठेवायचीं नाहींत, तीं चालतीं करूं.” ही कल्पना ऐकतांच आम्ही पक्षभेद विसरून त्यास मिळालों, कारण तसल्या वस्तूंचा एक सांठा आमच्यापाशींच होता.

नागपुरांत महाल भागांत आमच्या आजोळचा वाडा होता. तो पाडला गेला तेव्हां आम्ही एकच वस्तु मागून आणली होती: दिवाणखान्यांतील विजेच्या खटक्यांची सागवानी फळी. तिच्यावर सहा खटके होते. बूड चिनी मातीचें, झांकण पितळेचें, घुमटासारखें. लहानपणीं मे महिन्याच्या सुटींत आजोळीं गेलों म्हणजे दिवेलागणीच्या वेळीं आजोबा आम्हांस उचलून घेत आणि त्यांतील एक खटका आमच्या हातून खालीं ओढवीत. ‘खट्’ असा भरदार आवाज होई आणि सारा दिवाणखाना उजळे. अड्याळास आमच्या घरीं तेव्हां कंदीलच होते. महाराष्ट्र राज्य विद्युत् मंडळ १९६० सालीं स्थापन झालें, आणि आमच्या घरीं वीज आली तेव्हां आम्ही प्राथमिक शाळेंत होतों. त्यामुळें आमच्या लेखीं वीज म्हणजे ती फळी, तो आवाज आणि आजोबांचा हात.

तसें पाहिलें तर आपल्या देशांत विजेचा इतिहास फार लांबचा नव्हे. दार्जिलिंगजवळील सिद्रापोंगचें जलविद्युत् केंद्र १८९७ सालीं सुरू झालें. कलकत्त्यास १८९९ सालीं वीज मिळूं लागली. मुंबईंत १९०७ सालीं विजेची ट्राम धावली, आणि १९१५ सालीं टाटांच्या खोपोली येथील केंद्रांतून मुंबईच्या गिरण्यांना सह्याद्रीच्या पाण्याची वीज पोंचली. एवढ्या अवधींत उपकरणांच्या मात्र तीन-चार पिढ्या होऊन गेल्या. पितळी खटके गेले, काळे बॅकेलाइटचे आले. तेही गेले आणि पांढरे प्लास्टिकचे आले. दिनकर केळकरांनीं तेलाचे जुने दिवे जमविले म्हणून आज पुण्याच्या त्यांच्या संग्रहालयांत ते पाहावयास मिळतात. नागपुरास मोतीबागेंत अरुंद रुळांच्या आगगाडीचें संग्रहालय २००२ सालापासून आहे. विजेच्या खटक्यांना मात्र भंगाराच्या दुकानावांचून दुसरें घर नाहीं. पितळेचे वजनानें पैसे मिळतात, चिनी माती उकिरड्यावर जाते.

दुसरा सांठा जवळच मिळाला. आमचा भंडारा जिल्हा धानाचा. येथें भाताच्या गिरण्या पुष्कळ, आणि बंद पडलेल्याही कांहीं. अशाच एका बंद गिरणीचें सामान मोडींत निघालें होतें. तेथून पुतण्यानें पावती घेऊन एक स्विचबोर्ड आणला. त्यावर तांब्याच्या उघड्या पात्यांचे दोन मोठे खटके, व्होल्ट मोजण्याचें एक व अँपियर मोजण्याचें एक अशीं दोन गोल घड्याळें, आणि तांबडे-पांढरे सूचक दिवे होते. शिवाय गिरणींत टांगलेली इनॅमलची एक मोठी हिरवी छत्री मिळाली. ती कॅरमच्या पटावर टांगण्यासाठीं जणूं घडविलेलीच होती. तिसरी वस्तु आगगाडीच्या डब्यांतील पंखा. रेल्वे आपलें भंगार लिलांवानें विकते, आणि तो लिलांव घेणाऱ्या व्यापाऱ्याकडूनच हा पंखा घेतला. येथेंही पावतीचा आग्रह आम्हीं धरला, कारण रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगण्याविरुद्ध १९६६ सालचा कायदा आहे, आणि मुलांच्या खेळाच्या खोलींत संशयाची वस्तु असूं नये.

पितळेची झांकणें उजळण्यास आम्हांस दूर जावें लागलें नाहीं. भंडारा शहर पितळेच्या भांड्यांसाठींच प्रसिद्ध आहे. झांकणें काढून, चिंचेनें घासून, धुऊन, उन्हांत वाळवून परत बसविलीं तेव्हां आजोळचा दिवाणखाना आमच्या डोळ्यांपुढें उभा राहिला. येथपर्यंत सर्व ठीक होतें. यापुढें जें झालें तें आमच्या हट्टामुळें झालें.

पुतण्यानें जातांना बजावून ठेवलें होतें कीं, गिरणीचा बोर्ड आणि पंखा यांचें काम तो दिवाळीस येऊन पुरें करील, आणि आजोळच्या फळीला तोंवर वीज द्यावयाची नाहीं. तिच्या मागच्या तारा सर्व बदलावयाच्या आहेत. आम्हांस हें मानवेना. त्या तारांवर कापसाचा विणलेला पदर होता, आणि त्याची वीण अद्याप शाबूत दिसत होती. फळीस जें मूळचें आहे तें तोडून प्लास्टिकची तार घातली तर ती आजोळची फळी कशी राहील? शिवाय गेल्या दिवाळींत लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळीं ती उजळावी, आणि घरांतील सर्वांत लहान नातीच्या हातून तिचा पहिला खटका ओढवावा, असें आमच्या मनांत भरलें होतें. पुतण्या रात्रीं उशिरा पोंचणार होता.

आम्हीं गांवांतील वायरमनास बोलाविलें. तो आमचा विद्यार्थी. त्यानें फळी उलटी करून पाहिली, एक तार बोटांत धरून किंचित् वांकविली आणि म्हणाला, “गुरुजी, ही जोडूं नका. वरून कपडा दिसतो, आंत कांहीं राहिलं नाहीं.” आम्ही म्हणालों, “अरे, सत्तर वर्षें टिकली, आणखी चार दिवस टिकणार नाहीं?” तो पुन्हा म्हणाला, “गुरुजी, ह्या ताराचा भरवसा नाहीं.” तेव्हां आम्हीं त्याच्याकडे शाळेंत पाहत असूं तसें पाहिलें. तो गप्प झाला, फळी भिंतीवर चढविली आणि तारा जोडून दिल्या. मजुरी त्यानें घेतली नाहीं. ती कां घेतली नाहीं, हें आम्हांस त्या वेळीं कळलें नाहीं.

संध्याकाळीं पूजा झाली. सगळें घर माडीवर जमलें. सात वर्षांची नात पाटावर उभी राहिली, तिनें खटका खालीं ओढला, ‘खट्’ असा तोच आवाज झाला आणि दिवा लागला. मुलांनीं टाळ्या पिटल्या. तिला दुसराही खटका ओढावयाचा होता. तिनें पितळेच्या घुमटास हात लावला मात्र, आणि ‘आई ग’ असें किंचाळून ती पाटावरून मागें पडली.

दैव बलवत्तर म्हणून माडीची जमीन लांकडी व कोरडी होती, आणि हात चिकटून न राहतां फेंकला गेला. तिच्या बोटांस मुंग्या आल्या, कोंपर खरचटलें, आणि ती पुष्कळ वेळ आईच्या कुशींत हुंदके देत राहिली. वैद्यकीय तपासणींत कांहीं निघालें नाहीं. घरांत आम्हांस कोणीही एक शब्द बोललें नाहीं. खालीं लक्ष्मीपुढें समई तेवत होती, आणि तिच्याकडे पाहण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं.

रात्रीं पुतण्या आला. त्यानें आधीं मेन स्विच बंद केला, फळी उतरविली, आणि सकाळीं आम्हांस जवळ बसवून ती उघडून दाखविली. त्या काळच्या तारांवर कापसाच्या पदराखालीं रबराचें वेष्टन असे. रबरांत गंधक असतें. तें तांब्यास खातें, म्हणून तांब्यावर कथिलाची कल्हई करीत, अगदीं आपल्या स्वयंपाकघरांतील भांड्यांसारखी. परंतु हवेनें आणि उष्णतेनें रबर वर्षानुवर्षें वाळत जातें, कडक होतें, आणि शेवटीं त्याचा भुगा होतो. पुतण्यानें तार वांकविली तेव्हां वरची वीण तशीच राहिली आणि आंतून काळा चुरा कागदावर सांडला. पितळी झांकणाच्या आंत पूर्वीं अस्तर होतें. तें केव्हांच गळून गेलेलें. उघडी पडलेली तार पितळेला टेकली होती, आणि सारा घुमट विजेनें भरला होता. त्यानें ‘मेगर’ नांवाच्या यंत्रानें ५०० व्होल्टचा दाब देऊन तारेच्या वेष्टनाचा अवरोध मोजला; कांटा शून्यापासून हलला नाहीं. वेदान्त्यांचा दृष्टान्त दोरीला साप समजण्याचा आहे. आम्हीं सापाला दोरी समजून घरांत आणलें होतें.

“पण फ्यूज कां उडाला नाहीं?” आम्हीं विचारलें. त्यानें दिलेलें उत्तर प्रत्येक घरांत ठाऊक असावें, म्हणून येथें देतों. आमच्या फळीचा फ्यूज ५ अँपियरचा होता. फ्यूज तारेला आग लागूं नये म्हणून असतो, माणसासाठीं नव्हे. माणसाच्या हृदयाची गति बिघडविण्यास अँपियरचा अगदीं थोडा अंश पुरतो. तेवढा प्रवाह ५ अँपियरच्या फ्यूजच्या खिजगणतींतही नसतो. माणसास वांचविण्यासाठीं निराळें यंत्र लागतें. जाणारा आणि परतणारा प्रवाह यांत ३० मिलिअँपियरचा, म्हणजे त्या फ्यूजच्या दीडशेंव्या भागाहूनही कमी, फरक पडला तरी तें क्षणार्धांत वीज तोडतें. त्यास ‘आरसीसीबी’ म्हणतात. आमच्या माडीवरच्या जुन्या लाइनीवर तें नव्हतें. आणि पितळी झांकणांना जमिनींत उतरणारी अर्थिंगची तारही नव्हती, कारण ज्या काळांत तो वाडा बांधला त्या काळीं दिव्यांच्या फळ्यांना ती क्वचितच देत.

त्याच दिवशीं आम्ही वायरमनाच्या घरीं गेलों आणि त्याला म्हणालों, “तूं बरोबर होतास, आम्ही चुकलों.” तो ओशाळला, म्हणाला, “गुरुजी, मीच नाहीं म्हणायला पाहिजे होतं.” पण त्यानें दोनदां नाहीं म्हटलें होतें. तिसऱ्यांदा त्याचें तोंड आम्हीं बंद केलें होतें. विद्यार्थ्याचें ज्ञान आपल्या ज्ञानापुढें गेलें म्हणजे गुरूस आनंद व्हावा, असें आम्हीं वर्गांत अनेकदां शिकविलें असेल. प्रसंग आला तेव्हां तें आठवलें नाहीं.

त्यानंतर तीन महिने पुतण्या आणि तो वायरमन मिळून ती खोली उभी करीत होते. त्यांचा नियम एकच: मुलांचा हात पोंचेल तेथें १२ व्होल्टपलीकडे वीज असावयाची नाहीं. घरची २३० व्होल्टची वीज दाराजवळ उंचावर एका बंद पेटींत येते. तेथें नवे एमसीबी, तें ३० मिलिअँपियरचें यंत्र आणि १२ व्होल्ट करणारा ट्रान्स्फॉर्मर आहे. अंगणांत खड्डा करून कोळसा व मीठ घालून नवी अर्थिंग केली, आणि पितळेचा प्रत्येक घुमट तिला जोडला. जुन्या दुहेरी फ्यूजची रीत सोडून दिली. पूर्वीं पुष्कळ फळ्यांवर दोन्ही तारांत चिनी मातीचा फ्यूज असे, ज्यास वायरमन ‘किटकॅट’ म्हणतात. त्यांतील परतीच्या, म्हणजे न्यूट्रल तारेचा फ्यूज उडाला तर दिवा विझतो, पण होल्डरांत वीज तशीच राहते. वीज गेली असें समजून हात घालणारा फसतो. म्हणूनच १९५६ च्या भारतीय विद्युत् नियमांनीं न्यूट्रल तारेंत फ्यूज घालण्यास मनाई केली. जुन्या फ्यूजच्या खांचेंत कित्येकदां अस्बेस्टॉसची पट्टी असते. तिची धूळ फुप्फुसांस घातक, म्हणून ते किटकॅट घासले-पुसले नाहींत, पिशवींत बांधून वेगळे काढले.

आतां आजोळच्या फळीवरच्या सहांपैकीं पांच खटके १२ व्होल्टवर काम करतात. उरलेल्या एकाची चिनी माती तडकलेली होती. तो नुसता शोभेसाठीं ठेवला आहे. दिवे एलईडीचे आहेत, पण जुन्या बल्बच्या घाटाचे. येथें एक गोष्ट आम्हांस नवीन कळली. व्होल्ट कमी म्हणून तार बारीक चालेल, असें नाहीं. ३६ वॅटच्या दिव्यांना २३० व्होल्टवर अँपियरचा सहावा हिस्साही पुरत नाहीं. त्यांनाच १२ व्होल्टवर ३ अँपियर लागतात. म्हणून तार जाडच हवी आणि तिला फ्यूजही हवा, नाहीं तर झटका बसणार नाहीं, पण तार तापून आग लागूं शकेल.

गिरणीच्या बोर्डावर मुलांचें सर्वांत अधिक प्रेम आहे. उघड्या पात्यांचे ते मोठे खटके पूर्वीं गिरणीची मोटर चालवीत. आतां कॅरमचा डाव जिंकणारा तो खटका ओढतो आणि त्याच्या बाजूचा तांबडा किंवा पांढरा दिवा लागतो. व्होल्टचें घड्याळ मात्र खऱ्या विजेवर आहे. त्याची मागची बाजू लांकडी पेटींत बंद केली असून तेथें मुलांचा हात जात नाहीं. उन्हाळी धानास पाणी देणारे पंप सुरू झाले म्हणजे त्याचा कांटा खालीं उतरतो, आणि रात्रीं उशिरा वर चढतो. खेळतां खेळतां मुलें त्यावरून शेतांतील हालचाल ओळखूं लागलीं आहेत. अँपियरचें घड्याळ ६० अँपियरपर्यंतचें. आमचे दिवे त्याच्या दृष्टीनें इतके क्षुद्र कीं, कांटा जागचा हलत नाहीं. तो खोटा हलविण्याची युक्ति पुतण्यानें सुचविली होती. आम्हीं नको म्हटलें. निवृत्त झालेल्यानें स्वस्थ बसावें, यांत कमीपणा नाहीं.

आगगाडीच्या पंख्यानें थोडा त्रास दिला. डब्यांतील दिवे-पंखे पूर्वीं २४ व्होल्टवर चालत, पुढें ११० व्होल्टवर. आणि हा प्रवाह एकाच दिशेनें वाहणारा, आपल्या घरांतील उलटसुलट वाहणारा नव्हे. तसला पंखा घरच्या विजेवर सरळ जोडला तर जळून जाईल. त्यासाठीं निराळा ट्रान्स्फॉर्मर व रेक्टिफायर पेटींत बसविला, पंखा छताशीं टांगला, आणि त्याचें लोखंडी अंगही अर्थिंगला जोडलें.

आम्ही आतां विचार करतों तेव्हां वाटतें, मोडकळीस आलेल्या देवळाचा जीर्णोद्धार करतांना कारागीर कुजलेला वांसा तसाच ठेवीत नाहीं. तो बदलतो, म्हणूनच देऊळ उभें राहतें, आणि कोणी म्हणत नाहीं कीं हें जुनें देऊळ नव्हे. आजोळच्या फळीचें सागवान तेंच आहे, पितळ तेंच आहे, चिनी माती तीच आहे, आणि ‘खट्’ हा आवाजही तोच आहे. जें बदललें तें भिंतीकडे वळलेलें आहे; कोणाला दिसत नाहीं. जें दिसत होतें त्यावर आमचें प्रेम होतें. जें दिसत नव्हतें तेंच मुलीच्या हाताला लागलें.

यंदाच्या सुटींत जिन्यापाशीं एक परडी ठेवली होती. माडीवर जातांना मुलें आपआपले मोबाइल तींत ठेवून जात. हा नियम आम्हीं केला नाहीं, मुलांनींच केला. धाकटी नात प्रथम दोन दिवस फळीजवळ जाईना. तिसऱ्या दिवशीं वायरमन आला, त्यानें पितळेच्या घुमटावर स्वतःचा तळहात ठेवला, आणि मग तिला बोलाविलें. तिनें आमच्याकडे पाहिलें नाहीं, त्याच्याकडे पाहिलें, आणि हात ठेवला. तें योग्यच झालें.

काढलेल्या जुन्या तारेचा एक तुकडा आम्हीं कांचेच्या बाटलींत घालून त्याच फळीशेजारीं टांगला आहे. वर वीण आहे, तळाशीं काळा भुगा सांडला आहे. पाहुण्यांचीं मुलें विचारतात, हें काय? त्यांना ती हकीकत आम्ही स्वतः सांगतों, आमचें नांव न गाळतां. दर दिवाळीपूर्वीं वायरमन येऊन सारी खोली तपासून जावयाचा, असें ठरलें आहे. त्यानें ‘नाहीं’ म्हटलें तर दिवा लागणार नाहीं, मग लक्ष्मीपूजन असो वा आणखी कांहीं. यंदा तपासणीनंतर त्यानें आपली मजुरी मागून घेतली, आणि ती देतांना आम्हांस फार बरें वाटलें.